तलावावर जरूर या, पण काठ मोकळा सोडा

प्रति,
कोल्हापुरातली तमाम रस्सा मंडळं (उघड्यावर चूल मांडून रस्सा करणारी), गळवाले, मॉर्निंग वॉक ग्रुप आणि मोठ्या लेन्सवाले फोटोग्राफर

मंडळी, राम राम.

हे पत्र कलेक्टर साहेबांना लिहिता आलं असतं, झेडपीला लिहिता आलं असतं, पण रविवारी सकाळी तलावावर साहेब येत नाहीत, तुम्ही येताय, म्हणून तुम्हालाच लिहितोय. आणि तुम्ही येताय याचा मला राग नाही हे पहिल्यांदा सांगून टाकतो, नाहीतर अर्ध्यात वाचून म्हणाल आला गाववाला शहाणपणा शिकवायला. रंकाळ्यावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, कळंब्यावर पण आता तेच, मग माणूस गाडी काढून वीस-पंचवीस किलोमीटर बाहेर पडणारच की. मोकळं पाणी कुणाला नको वाटतंय.

मी हातकणंगले तालुक्यातला, माझं रान एका लहान तलावाच्या फुगवट्याला, म्हणजे पाणी पसरतं त्या उथळ बाजूला, लागून आहे. ऊस करतो, दोन म्हशी आहेत, जरा रिकामा वेळ गावला की गळ टाकून बसतो, आणि भाच्यानं दुर्बीण आणून दिल्यापासून पक्षी बघायचा नाद लागलाय, घरची म्हणते त्या पाण्यात काय सोनं बघायलाय एवढं. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण नाव लिहिलं की पुढच्या रविवारी रील आणि त्याच्या पुढच्या रविवारी ट्रॅफिक. तसा नावानं काही फरक पण पडत नाही, कागलला जावा, गडहिंग्लजला जावा, आजऱ्याला जावा, जे आमच्याकडं चाललंय तेच सगळीकडं चाललंय.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगं मला म्हणालं, "मामा, तलाव काय तुमच्या बाचा हाय व्हय?" चांगल्या घरचं पोरगं होतं, गाडी पार पाण्याच्या कडेला चिखलात नेऊन लावलेली, टायर अर्धा रुतलेला, वर गाणी. मी म्हटलं, न्हाय बा, माझ्या बाचा न्हाय. पण मग कुणाचा आहे हे त्याला सांगायला गेलो तर त्याला ऐकायचं नव्हतं, ते इथं सांगतो.

शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारा तलाव असला तर तो जिल्हा परिषदेकडं असतो, त्याच्यापेक्षा मोठा असला की जलसंधारण नाहीतर जलसंपदा. म्हणजे भिंत, सांडवा, कालव्याचं दार ह्यांचं. मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडं. पाणी खाली गेलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन आणि तिसऱ्याच कुणाच्या नावावर. गावची नळपाणी योजना असली तर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) ग्रामपंचायतीचं. आणि आजूबाजूनं जाणारी वाट बहुतेक वेळा कुणाच्या तरी बांधावरनं जाते. एवढे मालक असल्यावर व्हायचं ते होतं, सगळ्यांचा आहे म्हणून कुणाचाच नाही. अर्ज घेऊन गेलं की एक ऑफिस दुसऱ्या ऑफिसकडं बोट दाखवतं.

बरं कायद्याचं म्हणाल तर ते पण ऐका. पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पाणथळ जागा राखायचा रामसर करार झाला १९७१ ला इराणमध्ये, त्याच्यात पाणथळ म्हणजे नैसर्गिक असो नाहीतर माणसानं केलेली असो, दोन्ही धरल्यात. पण आपल्या नियमात सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेत. म्हणजे आपल्या जिल्ह्यातले बहुतेक गावतलाव ह्या नियमात बसतच नाहीत. पक्ष्याला काय माहिती हा तलाव सिंचनाचा आहे, तो उतरतोच. महाराष्ट्रात रामसरच्या यादीत नांदूर मधमेश्वर आहे, लोणार आहे, ठाण्याची खाडी आहे, आमचा तलाव कशाला असेल तिथं. राधानगरीला बघा, १९५८ ला दाजीपूरचं अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं, आता साडेतीनशे चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात पण आहे, तिथं गेट आहे, पावती आहे, गार्ड आहे, आणि तिथं गेल्यावर तुम्हीच आवाज खाली करताय. आमच्याकडं गेट नाही म्हणून माणूस बदलतो का?

आता हे तलाव झाले कसे ते बघा. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलं ती मोठी गोष्ट, सगळ्यांना पाठ आहे. पण आमच्याकडचे हे लहान पाझर तलाव बरेचसे १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर झालेत. आमच्या आजीनं ह्या बांधाची माती डोक्यावरनं वाहिल्या. तेव्हा कुणाच्या डोक्यात पर्यटन नव्हतं, पक्षी नव्हता, पाणी जमिनीत मुरावं आणि विहिरीला यावं एवढंच होतं. पक्षी आपले आपण आले.

आणि आले ते काठासाठी आले. पत्र लिहायचं मूळ कारण हेच आहे बघा. तुम्हाला वाटतं तलाव म्हणजे मधलं पाणी, फोटो त्याचा निघतो, सूर्य तिथं बुडतो. मधल्या खोल पाण्यात काय असतं, पाणकावळे बुड्या मारतात, टिबुकली असते, हिवाळ्यात चांदव्यांचा काळा थवा पसरलेला असतो. बाकी सगळा बाजार काठाला. ढोपरापर्यंत पाणी आणि त्याच्या पुढचा ओला चिखल, जिथं पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततो आणि तुम्ही घाण म्हणून नाक मुरडताय, तिथं अळ्या, किडे, गोगलगाई, शिंपले, गवताचं बी, सगळं असतं. शेकाट्या त्याच्या लांब तांबड्या पायांनी तिथंच चालत असतो, तुतारी तिथंच, शराटी चोच खुपसून तिथंच, हळदी-कुंकू बदक तिथंच डोकं खाली शेपूट वर करून चरतंय, थापट्या आला थंडीत तर तो फावड्यासारख्या चोचीनं तेच पाणी गाळून खातो. पाणी नोव्हेंबरपासून हळूहळू खाली सरकतं तसा हा काठ पण रोज थोडा थोडा सरकतो आणि रोज नवीन चिखल उघडा पडतो. ते त्यांचं ताट आहे. तुम्ही त्या ताटात गाडी लावताय.

आता टिटवीचं सांगतो, कारण ते अगदी जवळनं बघितलंय. उन्हाळ्यात गाळ वाळून त्याला भेगा पडतात आणि त्या उघड्या मैदानावर, बारक्या खड्यांमध्ये, टिटवी अंडी घालते. घरटं असं काहीच नाही, थोडा खळगा आणि कडेनं चार खडे, शेळीच्या लेंड्या. अंडी साधारण चार असतात, टोकं आतल्या बाजूला करून मांडलेली, मातकट रंगावर काळे ठिपके. दोन पावलांवर उभा राहिलो होतो तरी मला दिसली नव्हती, टिटवीनं डोक्यावर घिरट्या घालून नुसता कालवा केला म्हणून खाली बघितलं. दुपारी एक-दोनला ती उठून पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते, तशीच ओली येऊन अंड्यावर बसते. उन्हानं अंडी उकडू नयेत म्हणून. जवळजवळ चार आठवडे हेच चालतं, नर-मादी आलटून पालटून. आमच्याकडं म्हातारी माणसं टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त म्हणतात, ते खरं का खोटं मला माहिती नाही, पण म्हणून तरी पूर्वी लोक अंडी कुठं आहेत ते बघून पाय टाकायचे. आता त्याच मैदानावर कार ड्रिफ्टिंगचे व्हिडिओ काढतात. गोल गोल चाकाच्या खुणा पडलेल्या असतात. एप्रिल-मे मध्ये टिटवीसारखेच आर्ली आणि बारके चिखल्ये पण तिथंच अंड्यावर असतात, कितीजण चाकाखाली गेले ते मोजायला कोण जातंय.

रस्सा मंडळांनो, आता तुमच्याकडं येतो. रागावू नका. रस्सा करायचा तर उघड्यावर, चुलीवर, ह्यात दुमत नाही, घरात गॅसवर केलेल्याला ती चव येत नाही हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. मी स्वतः दोन मंडळांचा मेंबर आहे. प्रश्न चूल कुठं मांडायची एवढाच आहे. पाण्यापासून दहा फुटांवर दगड मांडले की कोंबडीची पिसं, आतडी, धुतलेलं पाणी, सगळं तलावात. "मासे खातील की" असं म्हणतात. मासे किती खातील? कुत्री मात्र येतात. आमच्या तलावावर पूर्वी कुत्री नव्हती, आता एक टोळीच आहे, सोमवार ते शनिवार त्यांना कोण रस्सा देणार, मग ती पाणकोंबडीची पिल्लं धरतात, टिटवीची अंडी खातात, कासव बाहेर आलं की त्याला उलटं पाडतात. शेजारच्या गावात शेळीची करडं पण गेल्यात.

आणि बाटली. प्लास्टिक दिसतं तरी, कधी ना कधी कोण तरी गोळा करतं. काचेचं तसं नाही. मे महिन्यात पाण्याच्या कडेला दगडावर आपटून फोडलेली बाटली ऑगस्टमध्ये सात-आठ फूट पाण्याखाली असते. पावसाळ्यात तिच्यावर गाळ बसतो. पुढच्या फेब्रुवारीत पाणी हटलं की ती तिथंच असते, गाळाखाली, धार वर. मग तिथनं म्हशी पाण्यावर जातात, गाळपेरीला माणसं उतरतात, भोई लोक अनवाणी जाळं ओढतात. माझ्या म्हशीचा खूर असाच चिरला, डॉक्टर, इंजेक्शन, दूध बंद, सगळं झालं, पण ते राहू दे, सोसायटीच्या एका पोराच्या तळपायात गेलेली काच दोन महिने निघाली नव्हती. फोडणाऱ्याला ह्यातलं काही कळणार पण नाही, तो तर वर्षभरापूर्वीच घरी गेला.

म्हणून म्हणतो चूल वर माळावर मांडा. तिथनं पाणी पण झाक दिसतं आणि वारा पण लागतो.

एक अजून, पिऊन पाण्यात उतरू नका. हे तलाव म्हणजे स्विमिंग टँक नव्हेत, भिंतीच्या बाजूला एकदम खोल असतं, कालव्याच्या दारापाशी पाण्याला ओढ असते, आणि फुगवट्याच्या बाजूला उथळ दिसतं तिथं मांडीपर्यंत गाळ. दरवर्षी जिल्ह्यात कुठं ना कुठं तरी बातमी येतेच. जीवरक्षक नाही, बोट नाही, मोबाइलला रेंज पण धड नाही. पोहता येणारी माणसंच जास्त जातात असं आमचे भोई सांगतात, कारण न येणारा उतरतच नाही.

गळवाल्या भावांनो, तुम्ही माझे जातभाई, तुमच्याशी जरा मोकळं बोलतो. सोसायटीचा ठेका असताना "एका गळानं काय तलाव रिकामा होतोय" हे आपण सगळेच म्हणतो. पण कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं नदीचं पाणी लागतं. म्हणजे तलावातला एकेक कटला हा कुणीतरी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडलेला असतो. सोसायटीची माणसं दरवर्षी पावसाळ्यात टेम्पोनं पिशव्या आणतात, पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवतात, आतलं-बाहेरचं पाणी एकसारखं झालं की मग सोडतात, आणि पुढं दीड-दोन वर्षं वाट बघतात. आपण रविवारी येऊन तीन किलोचा कटला काढला, फोटो टाकला, लाइक घेतले, तो त्यांच्या खिशातनं गेला. म्हणून आधी सोसायटीच्या माणसाला गाठा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, थोडी पावती फाडतात नाहीतर चहावर भागतं. मरळ, वांब, शिंगटी, चिलापी धरायला तर स्वतःहून सांगतात. चिलापी खुशाल न्या. आफ्रिकेतला मासा, १९५२ ला भारतात आणला, तोंडात अंडी-पिल्लं सांभाळतो म्हणून त्याची पिल्लं सहसा मरत नाहीत आणि तलावच्या तलाव भरून टाकतो. काटा कमी, तळून चांगला लागतो. आणि घरच्या फिश टँकमधला कंटाळा आलेला मासा पुण्य म्हणून तलावात सोडायला येणारे पण असतात, त्यांनी कृपा करून येऊ नये.

जूनचं तेवढं थांबवा. पहिला मोठा पाऊस झाला, ओढा लाल पाण्यानं फुगला की चढणीचे मासे सुरू होतात, सगळं गाव बुट्टी घेऊन ओढ्यावर, ती मजा मला माहिती आहे, लहानपण त्यातच गेलंय. पण वर चढणारी एकेक मादी गाबोळीनं भरलेली असते. पूर्वी हातानं, बुट्टीनं जेवढं गावेल तेवढं धरायचे, बाकीचं वर जायचं. आता ओढ्याच्या तोंडाला ह्या काठापासून त्या काठापर्यंत बारीक जाळं लावतात, मच्छरदाणी लावतात, एक मासा वर जात नाही. नंतर म्हणायचं की खवली गेली, मळ्या गेला, पूर्वीसारखं मासं राहिलं नाही. करंट लावून नाहीतर जिलेटिनची कांडी टाकून मारणाऱ्यांना मी गळवाला म्हणतच नाही, स्फोटकं आणि विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, इंग्रजाला कळलं होतं.

आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. तुटलेला, गुंता झालेला तंगूस तिथंच टाकून उठायची सवय आपल्यातल्या नव्वद टक्के जणांना आहे. गेल्या थंडीत सांडव्यावरच्या बाभळीला एक बगळा उलटा लटकत होता. तंगूस पायाला गुंडाळलेला, दुसरं टोक काट्यात अडकलेलं, फडफडून फडफडून पंखाची पिसं झडलेली. आम्ही शिडी लावली, कोयत्यानं फांदी तोडून खाली घेतला. तंगूस कातडीत एवढा रुतला होता की नुसत्या डोळ्याला दिसत नव्हता, पाय काळानिळा पडून जाड झालेला. शेजारच्या मास्तरांनी नखं कापायच्या कात्रीनं एकेक वेढा काढला, बगळ्यानं मास्तरांच्या हाताला चोच मारून रक्त काढलं. उडाला तो, पण पाय लोंबतच होता. तंगूस कुजत नाही. तो खिशात घालून घरी नेणं एवढं तरी आपल्याला जमायला पाहिजे, त्याचं वजन ते काय.

कॅमेरेवाल्यांवर लिहायला हात जरा अडखळतो, कारण पक्ष्यांची नावं मला त्यांच्यातल्याच एकानं शिकवली, आणि कचरा करत नाहीत बिचारे. पण जवळ जायची हाव सुटत नाही. चक्रवाक लडाख-तिबेटकडनं हजारो किलोमीटर उडून येतात, इथं त्यांना चार महिने खाऊन अंगावर चरबी चढवायची असते परत जायला. त्यांना पाचवेळा उठवलं की दिवसभराचं खाल्लेलं उडण्यातच जातं. पक्षी मान वर करून एकटक बघायला लागला की समजायचं तुम्ही जास्त जवळ आलाय, तिथंच थांबायचं, पुढं सरकायचं नाही. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून एकजण खडा मारतो आणि दुसरा क्लिक करतो हे पण बघितलंय. ड्रोनबद्दल तर बोलतच नाही, घार आली असं समजून अख्खा थवा उठतो. घरट्याचे फोटो टाकू नका, लोकेशन टाकू नका. आणि टोळीनं येऊन मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावणं, हा कुठला खेळ?

जरा बसायची सवय लावा. भिंतीच्या पिचिंगवर, म्हणजे दगडी अस्तरावर, एका दगडावर गप्प बसलं की वीसेक मिनिटात पक्षी तुम्हाला विसरतात. मग कवड्या खंड्या समोर एका जागी फडफडत थांबून सरळ खाली पाण्यात पडतो. केंदाळावर कमळपक्षी लांब बोटं टाकत चालतो, आणि त्यांच्यात अंड्यावर बसायचं, पिल्लं सांभाळायची काम नर करतो, मादी दुसरं घर बघायला मोकळी, हे आमच्या घरी सांगितल्यापासून घरचीला पण पक्ष्यांची जरा गोडी लागल्या.

चालणाऱ्यांचं तसं काही गाऱ्हाणं नाही. फक्त गाड्या. तुमचा सीझन आणि आमचा गळीत हंगाम एकच, नोव्हेंबर ते मार्च. तलावाचा रस्ता म्हणजे एक ट्रॅक्टर जाईल एवढा, त्याच्यावर दोन्ही बाजूला कार, आणि मागनं दोन ट्रॉल्या उसानं भरलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवत उभा. मालक कुठं, तर सांडव्याच्या पलीकडं फोटो काढायला. तोडलेला ऊस जेवढा वाळेल तेवढं वजन घटतं, ते आमच्या बिलातनं जातं. बांधावरनं चाला, कुणी अडवत नाही, पण उसात शिरू नका, आणि वाटेत कोण भेटलं तर नुसतं "पाणी बघायला आलोय" म्हणा, पुढची वाट तोच दाखवेल. गुऱ्हाळ चालू असलं तर तिथं थांबा, गरम गूळ घ्या, पैसे देऊन घ्या. पन्हाळा, करवीरच्या शिवारात जाणार असाल तर तिथं गवे उतरतात हे लक्षात असू द्या, गवा दिसला की मोबाइल काढून मागं पळायचं नसतं, लांबनं बघून मागं फिरायचं. गावच्या पोरांनी गराडा घातला की तो बिथरतो.

हे सगळं तुम्हालाच का सांगतोय त्याला अजून एक कारण आहे. तुमची गर्दी वाढली की फाईल हलते. सुशोभीकरणाची फाईल. काठानं पेव्हर ब्लॉक, रेलिंग, लाइटचे खांब, सेल्फी पॉइंट, बोटिंग, आणि चिखलाच्या जागी दगडी भिंत. शहरातल्या तलावाला ते शोभतं, रंकाळ्यावर भेळ खायला मी पण जातो, तिथं काठ कधीचाच बांधलाय. पण गावच्या तलावाला सरळ भिंत घातली की उथळ पाणी संपलं, पाणकणसाची बेटं संपली, त्यातली जांभळी पाणकोंबडी संपली, चौकोनी टँक राहतो फक्त. आणि फाईलमध्ये कारण लिहिलेलं असतं "पर्यटकांचा वाढता ओघ लक्षात घेता". तो ओघ म्हणजे तुम्ही. तुम्हाला पेव्हर ब्लॉक पाहिजे होते का? मला तर वाटतं तुम्ही पेव्हर ब्लॉकलाच कंटाळून इकडं येताय. मग तसं लिहून द्या की एकदा, तुमच्या मंडळाच्या लेटरपॅडवर, शिक्का मारून. गाववाल्यानं लिहिलं तर विकासाला विरोध म्हणतात, पर्यटकानंच लिहिलं तर काय म्हणतील बघू.

आमच्याकडनं काय करतोय ते पण सांगतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. गाड्या देवळामागच्या मैदानात, तिथनं पुढं चालत. चूल माळावर, ग्रामपंचायत दगडाच्या कायमच्या चुली बांधून देईल आणि पाण्याचा नळ देईल, मंडळानं त्याचे काय असतील ते पैसे भरायचे आणि आपला कचरा आपल्या गाडीतनं परत न्यायचा. गळासाठी दिवसाची पावती, पैसे सोसायटीला. फेब्रुवारी ते जून गाळाच्या मैदानावर कुठलीच गाडी नाही, आमचे ट्रॅक्टर पण नाहीत, हे शेवटचं मान्य करून घ्यायला गावातच जास्त भांडण होणार आहे, वाळलेला गाळ शेतात न्यायला ट्रॅक्टर उतरतातच. त्याच्यावर तोडगा म्हणून आधी टिटवीच्या जागा शोधून खुंट्या मारायच्या आणि तेवढं सोडून बाकीचा गाळ न्यायचा असं मास्तर म्हणतात. सरपंच हो म्हणालेत, सोसायटी अर्धवट हो म्हणाल्या, पाटबंधारेवाले लेखी द्या म्हणालेत.

चुली किती लागतील आणि रविवारी साधारण किती मंडळं येतात ह्याचा अंदाज मला नाही, तो तुम्हाला आहे. तेवढं ग्रामसभेच्या आधी कळवा. आणि ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तेव्हा शाळेच्या पोरांना घेऊन आम्ही भिंतीवर बसणार आहे, ज्यांच्याकडं जादा दुर्बीण असेल त्यांनी घेऊन या, पोरं लई आहेत आणि दुर्बीण एकच आहे.

तुमचाच,
तलावाकडचा एक ऊसवाला